पिवळ्या काचेमागचा उजेड

खंडेनवमी उजाडली की सोसायटीच्या नळाला पाइप लागतात. वर्षभर धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यासुद्धा त्या दिवशी घासूनपुसून निघतात. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू. रंग खुलतो, टायर काळेभोर दिसतात. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर हेडलाइट मात्र धुतल्यावरही पिवळट आणि दुधाळच राहतात. मालक त्यावर जरा जास्त शॅम्पू घालतो, नखाने खरवडून पाहतो, वरच्या कडेला हाताला खरखरीत लागतं, आणि ‘गाडीचं वय झालं’ असं म्हणून पाइप बंद करतो.

तो मळ नसतो, म्हणून पाण्याने जात नाही. उन्हाने करपलेला प्लास्टिकचा वरचा थर असतो तो. घासला की निघतो, आणि घासण्याचं हे काम घराच्या आवारात, एका सकाळीत, हजार-दीड हजारांच्या सामानात होतं. एवढं आता बऱ्याच जणांना माहीत आहे. टूथपेस्टने हेडलाइट चकचकीत करून दाखवणारे व्हिडिओ बहुतेक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा तरी फिरून गेलेले असतात. पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. घासताना पिवळेपणाबरोबर त्या प्लास्टिकवरचं कवचही आपण काढून टाकतो, आणि ते परत चढवलं नाही तर काही महिन्यांत हेडलाइट पहिल्याहून वाईट होतो. मला सांगायचंय ते मुख्यतः या कवचाबद्दल.

हेडलाइटची काच एके काळी खरोखर काचेची होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा गोल दिवा आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. या टॅक्सींचा पत्रा सडायचा, दिव्याच्या आतल्या परावर्तकाची चकाकी जायची, पण पुढची काच पिवळी पडल्याचं कुणी पाहिलं नसेल. काचेला ऊन बाधत नाही. दगड लागला तर ती फुटते, इतकंच.

आजच्या गाडीच्या हेडलाइटवर असतं ते पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत उर्डिंगेन इथे बायर कंपनीतल्या हेरमान श्नेल यांनी ते बनवलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांच्या हातूनही ते स्वतंत्रपणे तयार झालं. फॉक्स खरं तर विजेच्या तारेवरचं आवरण शोधत होते. भांड्यात जमलेला गोळा ढवळणीला असा काही चिकटून घट्ट झाला की फोडता फुटेना. दोन्ही कंपन्यांनी पेटंटसाठी अर्ज केले आणि आपसांत ठरवून टाकलं की ज्याचा हक्क आधीचा ठरेल त्याने दुसऱ्याला परवाना द्यायचा. हक्क बायरचा ठरला. तेच पॉलिकार्बोनेट पुढे अपोलो मोहिमेतल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणात गेलं, सीडीत गेलं, आपल्याकडे कार्यालयात वीस लिटरच्या निळसर पाण्याच्या जारमध्ये आलं. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, हातोडीला दाद न देणारा चिवटपणा आणि हवा तो आकार घेण्याची तयारी, एवढे गुण असल्यावर मोटारवाल्यांना ते हवंसं वाटणारच होतं. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचा बंद काचेचा दिवा सक्तीचा होता. फोर्डने मागणी केल्यावर १९८३ मध्ये तो नियम सैल झाला, आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर बल्ब बदलता येणारा, प्लास्टिकच्या काचेचा हेडलाइट आला. बाकीच्या जगातल्या गाड्याही मग त्याच वाटेने गेल्या.

पॉलिकार्बोनेटमध्ये एकच मोठी उणीव आहे, आणि ती त्याच्या रेणूतच आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्यातली कडी शोषून घेतात. बंध तुटतात, वेगळ्या रीतीने जुळतात, हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो, आणि पृष्ठभागावर पिवळसर रंगाची संयुगं तयार होतात. पुढे हाच थर ठिसूळ होऊन त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, भेगांत प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ दिसू लागते. कारखानदारांना हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून साच्यातून निघालेल्या प्रत्येक काचेवर केसाहूनही कितीतरी पातळ असा एक कडक, अतिनील किरण अडवणारा लेप दिला जातो. आपल्या गाडीची काच पहिली काही वर्षं स्वच्छ राहते ती या लेपामुळे. लेप झिजला, वाळूने ओरखडला, वरच्या कडेला उकलला की आतलं प्लास्टिक उघडं पडतं.

आपल्याकडे तो लवकर झिजतो. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे वर्षातून दोनदा प्रत्येक गावात सूर्य थेट डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस पाहायला मुलांना मैदानावर नेतात तो हाच. जुन्या गाड्यांचे दिवे उभे असत, दुपारचं ऊन त्यांना घासून जाई. नव्या गाड्यांचे दिवे बॉनेटच्या बाजूने वर चढत गेले आहेत, जवळजवळ आकाशाकडे तोंड करून असतात. काच नेहमी वरच्या भागात आधी पिवळी पडते ती याच कारणाने. नागपूर-अकोल्याकडची, दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि पुण्यात इमारतीखाली उभी राहणारी गाडी एकाच वर्षाच्या असल्या तरी हेडलाइटवरून वेगळ्या ओळखू येतात. एकाच गाडीचे दोन दिवेही सारखे नसतात. रोज ज्या जागी ती उभी राहते तिथे दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून ऊन येणारी बाजू आधी जाते.

*

आता उजेडाकडे येऊ, कारण रूप ही यातली सगळ्यात किरकोळ बाब आहे.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये केलेल्या चाचण्यांत असं दिसलं की खराब झालेल्या काचेतून लो बीमवर, नवा हेडलाइट पूर्ण ताकदीने देतो त्याच्या केवळ २२ टक्के उजेड बाहेर येत होता. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

२२ टक्के म्हणजे रस्त्यावर काय, हे समजायला शाळेतला एक नियम पुरतो: उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. समजा, नव्या दिव्यात एखादी वस्तू शंभर मीटरवरून दिसायची. उजेड २२ टक्क्यांवर आला तर तीच वस्तू तेवढीच ठळक दिसायला आता सत्तेचाळीस मीटरपर्यंत जवळ जावं लागेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे पूर्वी साडेचार सेकंद हाताशी होते, आता दोन. त्यातलाच काही वेळ पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. दुरुस्तीनंतर, ७० टक्क्यांच्या हिशेबाने, ते अंतर परत चौऱ्याऐंशी मीटरपर्यंत जातं. हा केवळ भूमितीचा हिशेब आहे. समोरून येणारा झोत, धूळ, धुकं त्यात धरलेलं नाही. त्याच संस्थेने २०१५ मध्ये असंही दाखवून दिलं होतं की रस्त्यावर दिवे नसतील तर ताशी ६४ किलोमीटरच्या वेगालाही हॅलोजन हेडलाइट अपुरे पडतात. म्हणजे मुळातच जे बेताचं आहे त्यातून आपण पाऊण वाटा गमावून बसलेलो असतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. रात्री कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला. टायरगाड्या तर बैलांच्या गतीने चाललेल्या. एखादा ट्रॅक्टर बंद पडला की तो रस्त्याच्या कडेलाच उभा, आणि त्याच्या अवतीभवती माणसं. हंगामाच्या तोंडावर आरटीओ, पोलीस आणि साखर कारखाने मिळून या गाड्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याची मोहीम घेतात, आणि ते फार चांगलं काम आहे. पण रिफ्लेक्टरची पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यावर जेवढा पडतो तेवढाच ती परत पाठवते. आपल्या दिव्यातून पाव भाग उजेड निघत असेल तर त्या पट्टीचा उपयोगही पावभागच. दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी निघालेल्या, वर्षभर शहराच्या दिव्यांखाली चाललेल्या गाडीची खरी परीक्षा या रस्त्यावर होते. शहरात काच पिवळी असल्याचं कळतच नाही. रस्त्याचे दिवे आपलं काम करत असतात.

आणि नुकसान एकट्या आपलंच नाही. लो बीमच्या झोताला वरून एक स्पष्ट रेघ असते. रेघेखाली उजेड, वर अंधार, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत तो जाऊ नये. काच दुधाळ झाली की ही रेघ विरघळते. जो उजेड रस्त्यावर पडायचा तो सगळीकडे सांडतो, त्यातला काही समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत. आपल्याला कमी दिसतं आणि त्याला अजिबात दिसत नाही.

इथे लोक हमखास एक चूक करतात. ‘उजेड पडत नाही’ म्हणून बल्ब बदलतात. साध्या एच४ हॅलोजनचं माप ६०/५५ वॉटचं आहे. दुकानात १००/९० चा सहज मिळतो. तो लावला की होल्डर आणि वायर तापतात, परावर्तकाचा मुलामा उडू लागतो, आणि दुधाळ काचेतून सांडणारा उजेडही तेवढ्याच पटीने वाढतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात पांढरा एलईडी बसवला की समोरच्याची अवस्था आणखी बिकट. घाटातल्या वळणावर समोरून असा एक पांढरा डोंब आला की डावीकडची कडा कुठे आहे तेच कळेनासं होतं. काच साफ न करता उजेड वाढवणं म्हणजे स्वतःची अडचण दुसऱ्याच्या डोळ्यांत घालणं, आणि ते थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं.

*

कामाला हात घालण्याआधी काचेवर पाणी मारून बघावं. यासारखी दुसरी परीक्षा नाही.

पाणी मारल्यावर काच क्षणात स्वच्छ दिसू लागली तर दोष वरच्या पृष्ठभागाचा. पाणी भेगा आणि खड्डे भरून काढतं, प्रकाश विखुरायचा थांबतो, म्हणून काच आरपार दिसते. वाळली की परत धूसर. अशी काच घासून हमखास सुधारते. पाणी मारूनही पिवळेपणा जाईना तर थर खोल आहे, जास्त घासावं लागेल. काचेच्या अंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा चमकत असतील तर त्या भेगा आतपर्यंत गेल्या आहेत. त्या घासून जात नाहीत. आणि दिव्याच्या आत पाण्याचं डबकं दिसत असेल तर प्रश्न सीलचा आहे, बाहेरून कितीही घासा. पावसानंतर आत थोडं धुकं धरलं आणि दिवा लावल्यावर ते निघून गेलं तर काळजीचं कारण नाही.

पावसाळ्यात हीच गोष्ट आपल्याला चकवते. चार महिने काच ओली, म्हणून ठीकठाक दिसते. ऑक्टोबरच्या उन्हात ती कोरडी होते आणि मग एकदम खराब झाल्यासारखी वाटते. जुनी गाडी विकताना हेडलाइटवर खोबरेल तेलाचा हात फिरवला जातो त्यामागेही हेच शास्त्र आहे. तेल खड्डे भरतं, गिऱ्हाईक गाडी घेऊन घरी जाईपर्यंत काच चमकते.

टूथपेस्टमध्ये बारीक खरीची किंवा सिलिकाची पूड असते. ती हलकंसं घासते, म्हणून काच थोडी उजळते. डास पळवणाऱ्या स्प्रेने काच लख्ख होते, कारण त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिकचा वरचा थर चक्क विरघळवतं. ओघळ खाली आला तर बॉडीचा रंगही. थिनर आणि ॲसिटोन तर काचेजवळ आणूच नयेत. पॉलिकार्बोनेटला त्यांनी आतून भेगा पडतात. या सगळ्या उपायांत सारखेपणा एकच: जे काढायचं ते काढतात, पण वर काही ठेवत नाहीत.

आमच्या इमारतीतल्या एका काकांची हॅचबॅक बरीच वर्षं पाण्याच्या टाकीसमोर पश्चिमेला तोंड करून उभी असायची. दोन्ही काचा पाणी मारल्यावर स्वच्छ दिसायच्या, म्हणजे काम होण्याजोगं. आम्ही ठरवलं की आधी एकच काच करायची आणि रात्री दोन्ही समोरच्या भिंतीवर ताडून बघायच्या.

सामान रंगाच्या दुकानात मिळतं. वॉटर पेपर ८००, १२००, २००० आणि ३००० नंबरचा, मास्किंग टेप, पाण्याची फवाऱ्याची बाटली, पॉलिशिंग कंपाउंडची लहान डबी, चार स्वच्छ मायक्रोफायबर, आणि शेवटी कवच म्हणून चढवायचा कोट. तयार किट घेतलं तर हे सगळं एका खोक्यात येतं. काच शॅम्पूने धुऊन, भोवतीच्या रंगावर टेप दुहेरी लावायचा, कारण कागद एकदा जरी निसटला तरी बंपरचा रंग जातो. मग कागद पाण्यात भिजवून, स्पंजाच्या ठोकळ्याला गुंडाळून, सतत पाणी मारत ८०० ने आडवं घासायचं.

पहिल्या मिनिटाभरातच काचेवरून हळदीच्या पाण्यासारखा ओघळ बंपरवर उतरला. तेच ते करपलेलं प्लास्टिक. घासत राहिलं की ओघळ फिका होत जातो आणि शेवटी पांढरा होतो. पांढरा झाला म्हणजे खालचं ताजं प्लास्टिक लागलं. दरम्यान काचेवर जुन्या लेपाची कडा उघडी पडते. खालच्या भागात, जिथे ऊन कमी लागलं तिथे, लेप अजून धड असतो, आणि वरच्या उघड्या भागाशी त्याची सीमारेषा नकाशातल्या किनाऱ्यासारखी दिसते. हा किनारा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. खालचा भाग ‘चांगला आहे’ म्हणून सोडला तर नवा कोट चढवल्यावर ती रेघ कायमची दिसत राहते.

८०० चं काम संपलं तेव्हा पूर्ण काच बाथरूमच्या खिडकीसारखी पांढरी झाली होती. काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “अरे, वाट लावलीस की तिची!” बरेच जण इथेच घाबरतात आणि हात आखडतात. पण या पांढरेपणातला पिवळा गेलेला आहे, उरले आहेत ते कागदाचे ओरखडे, आणि ते पुढचा कागद काढतो. १२०० उभा चालवायचा, २००० परत आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे राहिले असतील तर लगेच दिसतात. प्रत्येक कागदानंतर काच, ठोकळा आणि हात धुवायचे. ८०० चा एक कण जरी पुढच्या कागदाखाली राहिला तरी तो एक खोल चर पाडून जातो आणि मग मागे यावं लागतं. ३००० नंतर काच निळसर, रेशमी दिसते, आणि मग कंपाउंडने हाताने घोटली की आतला बल्ब, त्यावरची टोपी, परावर्तकाच्या कडा, सगळं उघडं होतं. ड्रिलला बफ लावून घोटत असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, प्लास्टिक तापतं.

इथवर आलं की माणसाला काम संपल्यासारखं वाटतं. फोटो निघतो, ग्रुपवर जातो, टेप काढला जातो. आणि काच या घडीला जितकी असुरक्षित असते तितकी गाडी कारखान्यातून निघाल्यापासून कधीच नव्हती. लेप पूर्ण गेलेला, प्लास्टिक उघडं, आणि वर ऊन. पुण्याच्या नाना पेठेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं रंगकाम करणाऱ्या अनेकांशी या विषयावर बोललो तेव्हा त्यांचा अनुभव सारखाच होता. नुसतं घासून दिलं की गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होऊन जातं आणि पुढच्या पावसाळ्याआधी तक्रार घेऊन परत येतं.

*

घरी वापरायच्या कोटाचे दोन प्रकार साधारणपणे मिळतात. एक पुसून लावायचा. छोट्या पाकिटात भिजवलेला रुमाल किंवा लहानशी बाटली आणि फोमचा तुकडा. दुसरा स्प्रेच्या डब्यातला. दोन्हींमध्ये पारदर्शक रेझिन असतं आणि त्यात अतिनील किरण शोषणारं द्रव्य. खरेदी करताना डब्यावर हे दुसरं लिहिलेलं आहे ना, एवढं नक्की पाहावं. ‘रिस्टोरर’, ‘शाइन’, ‘पॉलिश’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत नुसतं सिलिकॉन तेल किंवा मेण असतं. ते दोन-चार धुण्यांत जातं.

मला स्वतःला पुसून लावायचा कोट घरच्यासाठी जास्त योग्य वाटतो. उडत नाही, श्वासात जात नाही, आणि हात बसायला फार वेळ लागत नाही. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करायची. हातमोजे घालायचे. रुमाल काचेच्या एका टोकाला टेकवून, न थांबता, एका रेषेत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा; पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा. मागे फिरून ‘इथे जरा राहिलं’ म्हणून परत हात लावायचा नाही. कोट अर्धवट वाळलेला असतो, त्यावर रुमाल गेला की ओरखडा उठतो आणि तो तसाच घट्ट होतो. राहिलं तर राहू द्यावं, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात देता येतो. काही किटमध्ये कंपाउंडने घोटायची पायरीच नसते. ३००० च्या कागदानंतर थेट कोट लावायला सांगतात, आणि ते बरोबर आहे: पाणी जे तात्पुरतं करत होतं, बारीक खड्डे भरायचं, तेच हा कोट टिकाऊपणे करतो. रेशमी धुरकट काचेवरून पहिला पट्टा ओढला की त्याच्यामागे काच आरपार होत जाते, ते पाहण्यासारखं असतं.

हवेला इथे फार महत्त्व आहे. कोकणात जुलैत हे काम करायला जाऊ नये. हवेतला ओलावा वाळत्या कोटात अडकतो आणि काच पांढरट होते. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या काचेवर कोट पसरायच्या आत वाळतो, पट्टे उठतात. पाऊस गेलेला, थंडी बेताची आणि सकाळचं ऊन अजून आलेलं नाही, अशी दसऱ्यापासून पुढची हवा उत्तम. जागा सावलीतली हवी आणि शेजारी कुणी झाडत नको. त्यानंतर निदान एक दिवस काचेला पाणी लागू द्यायचं नाही. खोक्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळायचा.

असा कोट किती टिकतो? उघड्यावर उभ्या गाडीवर वर्ष-दोन वर्षं धरावीत, सावलीत उभी राहणारी असेल तर जास्त. पाण्याचे थेंब काचेवर गोल न राहता पसरायला लागले, कडेला पुसटसा धुरकटपणा आला, की समजायचं वेळ झाली. तेव्हा फक्त २००० आणि ३००० चा हलका हात देऊन नवा कोट लावला तर पुन्हा मुळापासून घासावं लागत नाही. ज्यांना दीर्घकाळ टिकाऊ हवं त्यांनी रंगकामाच्या गॅरेजमध्ये हार्डनर घातलेला टू-के क्लिअर मारून घ्यावा. तो बरीच वर्षं टिकतो. पण तो घरच्या गॅलरीत मारायचा प्रकार नाही. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा लागू शकतो, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही. कार्ट्रिजचा मास्क लागतो. आपल्या गाडीचा क्लिअर मारणाऱ्या कारागिराच्या तोंडावर तो नसेल तर विचारावं, गरज पडली तर आणून द्यावा. पारदर्शक पीपीएफ फिल्मचा पर्यायही चांगला आहे, विशेषतः नव्या गाडीला. काच खराब व्हायच्या आधीच ती लावली तर ऊन फिल्म खाते.

काकांच्या गाडीची एक काच करून झाल्यावर त्या रात्री गाडी भिंतीसमोर काही अंतरावर, सपाट जागी उभी केली आणि लो बीम लावला. केलेल्या बाजूला भिंतीवर उजेडाची वरची कडा रेघ मारल्यासारखी होती आणि डावीकडे जरा वर चढत गेलेली, जशी असायला हवी. न केलेल्या बाजूला भिंतीवर तांबूस ढग होता, त्याला ना कडा ना मध्य, आणि तो खिडकीच्या गजांपर्यंत वर गेलेला. बल्ब दोन्हीकडे एकाच दिवशी बसवलेले. काका बराच वेळ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला हात धरून पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी याच्यावर कऱ्हाडला जात होतो.”

इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, यात नवल नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तिची तपासणी नूतनीकरणाच्या वेळी होते. मधल्या काळात दरवर्षी आपण पीयूसीच्या टपरीसमोर उभे राहतो, तिथे धूर मोजला जातो, नंबर प्लेटचा फोटो निघतो, आणि दोन पावलांवर असलेल्या पिवळ्या काचेकडे पाहण्याचं कुणाचं काम नसतं. पाणी मारून काच पाहायला अर्धं मिनिट लागतं. पीयूसीच्या पावतीवर ‘हेडलाइट काच: स्वच्छ / धूसर’ एवढी एक ओळ वाढवली, दंड नाही, फक्त नोंद, तरी लाखो गाडीवाल्यांना वर्षातून एकदा ही गोष्ट कळेल. ऊस वाहतुकीच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावणाऱ्या मोहिमेतच त्या रस्त्यावरच्या मोटारींच्या काचा तपासता येतील. परिवहन खात्याने याचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

नवा हेडलाइट बसवला तर उजेड शंभर टक्के परत येतो, हे खरं, आणि ज्यांच्या काचेला आतून भेगा आहेत किंवा परावर्तकच काळवंडला आहे त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही. पण साध्या गाडीचा दिवाही काही हजारांचा झाला आहे आणि एलईडीचा बंद संच असेल तर किंमत ऐकून माणूस तसाच चालवत राहतो. रात्रीच्या पाळीचे कॅबवाले, भाजीची पिकअप हाकणारे, ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच अंधारातल्या रस्त्यावर आहे, त्यांच्यासाठी हजार-दीड हजारातला हा उपाय फार मोलाचा आहे. एका कोटाच्या बाटलीत दोन-तीन गाड्या सहज होतात. स्टँडवरच्या तिघांनी मिळून आणली तर खर्च आणखी कमी.

दोन्ही काचा झाल्यावर एक काम राहतं, ते गावी निघायच्या आधी करावं. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं एक लहान चाक किंवा बटण असतं. त्याने झोत खाली-वर होतो. काच धूसर असताना ते कुठेही असलं तरी फरक पडत नव्हता, सगळाच ढग होता. शिवाय घासून केलेल्या काचेतून नव्याच्या तुलनेत थोडा जास्त उजेड वर सांडतो, असंही अमेरिकेतल्या त्या चाचण्यांत दिसलं होतं. एकटे असाल तर चाक शून्यावर ठेवा. मागे तीन माणसं आणि डिकीत फराळाचे डबे असतील तर गाडी मागे बसते, झोत वर उचलला जातो, तेव्हा चाक दोनवर किंवा तीनवर आणा. कुठला आकडा ते भिंतीसमोर गाडी उभी करून, सगळ्यांना आत बसवून एकदा पाहून घ्या.